पंपाभोवतीचं वर्तुळ

मी कवितेचा माणूस. बी.ए. झालो तेही मराठी घेऊन. भूगोलाशी संबंध काय तो शाळेतल्या नकाशावहीपुरता. गेल्या पावसाळ्यात मुलीनं संगणकावर क्यूजीआयएस नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडलं आणि म्हणाली, "अब्बा, या, लंडनची एक गल्ली दाखवते." नकाशांचं हे गणित शिकणाऱ्यांना पुष्कळदा पहिला धडा याच गल्लीचा देतात म्हणे.

साल १८५४. सोहो भागातल्या ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात ऑगस्टअखेर पटकी आली आणि दहा दिवसांत पाचशेवर माणसं गेली. रोग घाण हवेतून पसरतो, असं तेव्हाचे बहुतेक डॉक्टर मानत. डॉ. जॉन स्नो यांचा संशय मात्र पाण्यावर होता. त्यांनी घरोघर चौकशी केली आणि पुढे नकाशावर दर मृत्यूला एक काळी रेघ मांडली. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाशी रेघांची चळत झाली.

मुलीनं मृत्यूंचे ठिपके एका थरात ठेवले, पंप दुसऱ्या थरात. (असे थर एकावर एक ठेवण्याची संगणकी यंत्रणा १९६०च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांनी कॅनडात उभी केली.) मग 'बफर' नावाचं साधन वापरून पंपाभोवती ठरावीक अंतराचं वर्तुळ काढलं. आतले ठिपके संगणकानं क्षणात मोजले. मी खूश! पण माणूस काही भिंतीतून चालत नाही. स्नो यांनी दुसऱ्या नकाशात चालण्याचं अंतर धरून रेषा काढली होती. तिच्या आतल्यांना ब्रॉड स्ट्रीटचाच पंप जवळचा. हे सारं हातानं!

खरी गंमत पुढे. पंपाजवळच एक अनाथाश्रमासारखं गरिबांचं आश्रयस्थान होतं. माणसं ५३५, मृत्यू फक्त ५. त्यांची विहीर स्वतःची होती. दारूच्या भट्टीतले सत्तरवर कामगार वाचले, त्यांना प्यायला बीअर मिळे. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई गेली. तिला याच पंपाच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून ती ते मुद्दाम मागवून घ्यायची. हे कुठल्या साधनानं कळलं, असं मी विचारलं. "दार वाजवून," मुलगी म्हणाली.

८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे स्नो यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. मला हा प्रामाणिकपणा नकाशापेक्षा मोठा वाटतो.

माझी थोरली बहीण मी जन्मण्याआधी पटकीनं गेली. नात्यातल्या लग्नात आपणच तिला जेवू घातलं म्हणून ती गेली, असं अम्मी आयुष्यभर म्हणत आली. त्या रात्री मी तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, "अम्मी, तेव्हा पाणी कुठून आणायचीस?"

"मशिदीमागच्या विहिरीतून. सगळेच आणायचे."

"आणखी कोण गेलं त्या आठवड्यात?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "शेजारणीची पोर. ती तर लग्नाला आलीच नव्हती."

दोन घरांचे ठिपके मुलीनं मांडलेत. विहीर केव्हाच बुजवली. तिची नेमकी जागा म्हाताऱ्या बायकांना विचारत हिंडतो आहे.