काचघर, पानमळा आणि आगर

'हरितगृह' हा शब्द आम्हां मराठीच्या शिक्षकांना थोडा खटकत आला आहे. 'ग्रीनहाउस'चे ते शब्दशः भाषांतर. पण मूळ शब्दातला हिरवेपणा होता तो सदाहरित झाडांचा, आणि ती झाडे म्हणजे प्रामुख्याने संत्री व लिंबे. युरोपच्या हिवाळ्यात ती तगत नसत, म्हणून त्यांना घरे बांधावी लागली. व्हर्सायच्या राजवाड्यातले भव्य संत्रीघर १६८४ ते १६८६ या काळात उभे राहिले. आपल्या परसातल्या लिंबाला तिथे राजाश्रय लाभला, याची मौज वाटते.

इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ साली उठला आणि १८५१ साली जोसेफ पॅक्स्टनने लंडनच्या हाइड पार्कात प्रचंड स्फटिकगृह उभारले. पॅक्स्टन पेशाने माळी होता, हे विसरू नये. पुढे काचघर मध्यमवर्गाच्या अंगणात आले. बाहेर बर्फ आणि आत ओल्या मातीचा उबदार वास, या सुखाची वर्णने इंग्रजी उद्यानलेखनात विपुल सापडतात. आम्हांला मात्र ती वाचताना एक शंका येते. हे सुख लिहिणारा बहुधा बागेचा मालक असे. मोठ्या बागांतल्या नळांतून फिरणाऱ्या उष्ण पाण्याची भट्टी रात्री पेटती ठेवण्याचे काम उमेदवार माळ्यांकडे असे, आणि ते भिंतीलगतच्या खोपटात राहत. त्यांच्या लेखी हिवाळा म्हणजे मोडलेली झोप.

आपल्याकडे प्रश्नच उलटा. इथे ऊब कोंडण्यापेक्षा ऊन अडवणे महत्त्वाचे. नवघरहून खाडी ओलांडली की वसई. तिथल्या वाड्यांतली नागवेल घ्या. शेवरी, हदगा, पांगारा दाटीने लावून त्यांच्या सावलीत आणि आधारावर वेल चढवण्याची पानमळ्याची रीत ज्याने प्रथम योजली, त्याने काच न वापरताच हरितगृह बांधले, असे आम्ही म्हणू.

आजचे पॉलिहाउस मात्र थंडीत खरे खुलते. मावळात तळेगावच्या परिसरात डच गुलाबाची शेती आहे. डिसेंबरच्या मध्यास छाटणी केली की साधारण पंचेचाळीस दिवसांनी, व्हॅलेंटाइन दिनाच्या बाजारासाठी, फूल हाती येते. संध्याकाळी बाजूचे पडदे सोडायचे, सकाळी ऊन चढले की गुंडाळायचे. पडदा उघडायला उशीर झाला तर आतला दमटपणा भुरीला आणि डावणीला आमंत्रण देतो. पहाटे कागदाच्या आतल्या बाजूला साचलेले थेंब मानेवर पडतात, बाहेर धुके असते आणि आत हातांना ऊब. उन्हाळ्यात हाच कागद कामगाराला भाजून काढतो. म्हणून या कामातले सुख हिवाळ्यापुरतेच, आणि तेही सकाळच्या तीन-चार तासांचे. ते ज्यांच्या वाट्याला येते, त्या फूल खुडणाऱ्या बायकांनी ते कुठे लिहून ठेवलेले आमच्या वाचनात नाही. मराठी ललित गद्यात शेत आहे, मळा आहे, बाग आहे. पॉलिहाउस अजून यायचे आहे.

नवघर हे काही हरितगृहांचे गाव नव्हे. २००२ साली महानगरपालिका झालेल्या मीरा-भाईंदरचा हा भाग आता इमारतींनी भरला आहे. पण या खाडीकाठची जुनी ओळख मिठागरांची, आणि इथे भाषा आपल्या मदतीला येते. कोकणपट्टीत 'आगर' म्हणजे नारळी-पोफळीची बाग आणि 'आगर' म्हणजे मीठ पिकवण्याची जागाही. मूळ संस्कृत 'आकर', म्हणजे खाण, साठा. झाड आणि मीठ या दोहोंना एकच शब्द देणाऱ्या माणसांना दोन्ही ठिकाणचे काम एकाच जातीचे वाटले असले पाहिजे. पाणी अडवायचे, उन्हाची वाट पाहायची, पिकाला जपायचे.

आगराचाही हंगाम थंडीतच सुरू होतो. पावसाने फुटलेले बांध दुरुस्त करायचे, कोंडीतला गाळ काढायचा, मग तळ पायांनी तुडवून टणक करायचा. भरतीचे पाणी उघाडीतून आत घ्यायचे आणि एका कोंडीतून दुसरीत फिरवत दाट करायचे. मीठ धरू लागले की ऊन तापत जाते, आणि पुढचे महिने खारे पाणी पायांच्या भेगा उघड्या ठेवते. तळ तुडवण्याच्या दिवसांत मात्र चिखल सकाळी बर्फासारखा गार असतो आणि दहा वाजेस्तोवर कोमट होतो.