नवगावच्या किनाऱ्यावरील परोपकार

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी आपण पूर्वजांचे उपकार स्मरतो, हे उचितच आहे. परंतु ज्यांची नावे कोणत्याही वहीत लिहिली गेली नाहीत, अशा उपकारकर्त्यांचेही ऋण मनुष्यजातीच्या माथी असते. तशाच एका ऋणाची हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. ती आमच्या हमरापुराहून फार दूरची नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यातील, अलिबागेजवळच्या नवगाव ह्या समुद्रकाठच्या गावची आहे.

मराठी बोलणारे यहुदी, ज्यांस बेने इस्राएल म्हणतात, ते पिढ्यान् पिढ्या असे सांगत आले आहेत की, प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावानजीक फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे जिवंत किनाऱ्यास लागली. बुडालेल्यांची प्रेते नवगावीच पुरण्यात आली व ते दफनस्थान आजही दाखविले जाते. ही घटना केव्हा घडली ह्याविषयी विद्वानांत एकमत नाही. त्या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर ह्यांनी तिचा काळ ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकापर्यंत मागे नेला. इतर कित्येक तो पुष्कळ अलीकडचा मानतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात मात्र ह्या लोकांच्या रक्तात यहुदी व भारतीय अशा दोन्ही पूर्वजांचा अंश आढळला.

त्या चौदा जणांस प्रथम कोणी हात दिला, हे कथा सांगत नाही. तरीही परिणामावरून कारण कळते. त्यांची भाषा येथे कोणास ठाऊक नव्हती; धर्मग्रंथ समुद्राने गिळले होते; मोबदला देण्यास हाती काही उरले नव्हते. अशांस ज्याने ओल्या वस्त्रांच्या जागी कोरडे वस्त्र दिले, पेज वाढली आणि ओटीवर निजू दिले, असा कोणीतरी गावकरी असलाच पाहिजे. एरव्ही तो वंश वाढता ना.

आमच्या मते ह्याहून मोठा उपकार पुढेच झाला. ते लोक तेल गाळण्याचा धंदा करू लागले आणि शब्बाथ पाळण्यासाठी शनिवारी घाणा बंद ठेवू लागले. गावाने त्यांस ‘शनिवार तेली’ म्हटले. पण शनिवारी घाणा चालविण्याची सक्ती केली नाही. मुलांची सुंता व खाण्यापिण्याचे निर्बंधही त्यांनी टिकविले. आणि ज्या गावांत ते राहिले, त्यांचीच नावे त्यांची आडनावे झाली. पेणकर, रोहेकर, नवगावकर ही आडनावे ऐकून ती यहुद्यांची आहेत असे कोण म्हणेल?

ह्या सवलतीचे फळ दूर देशी दिसून आले. अठराव्या शतकात कंपनी सरकारच्या सैन्यातील अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. कैद्यांनी आपण बेने इस्राएल आहो असे सांगताच, हे नाव कुराणात आहे म्हणून टिपूच्या मातेने त्यांच्या जिवाची रदबदली केली, अशी परंपरा आहे. सुटून आल्यावर दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत आपल्या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ ‘दयेचे द्वार’ असा आहे. कोकणातील गावकऱ्यांनी जे नाव त्यांच्यापाशी राहू दिले, त्याच नावाने मैसुरात त्यांचा प्राण वाचविला!

प्रेषितांच्या कृत्यांतील अठ्ठाविसावा अध्याय वाचकांस ठाऊक आहेच. संत पौलाचे तारू माल्टा बेटाजवळ फुटले; २७६ जण जिवंत किनाऱ्यास लागले. पाऊस व थंडी पाहून तेथील अनोळखी रहिवाश्यांनी शेकोटी पेटविली व सर्वांस जवळ केले. ते लोक ना यहुदी होते, ना ख्रिस्ती; तरी संत लूकने त्यांच्या दयेची नोंद केली. नवगावकरांस असा लेखक लाभला नाही, एवढाच काय तो फरक.

ह्याच किनाऱ्यावर रेवदंड्याजवळ कोर्लई गाव आहे. चौलची पोर्तुगीज सत्ता १७४० साली संपली, तरी तेथील आपले कॅथोलिक बांधव आपली पोर्तुगीज वळणाची बोली आजतागायत बोलतात. शेजाऱ्यांनी तीही त्यांच्यापासून हिरावून घेतली नाही. हे उपकार केवळ परक्यांवर झाले नाहीत, आपल्यावरही झाले आहेत.

१९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्राएल देशास गेले. तेथेही त्यांनी ‘मायबोली’ ह्या नावाचे मराठी नियतकालिक चालविले. आश्रय देणाऱ्याची भाषा त्यांनी परदेशीही सोडली नाही. ऋण मान्य करण्याची ह्याहून सुंदर रीत आम्हांस ठाऊक नाही.

वाचकहो, आज आपल्या गावी गलबते फुटत नाहीत. परंतु कामधंद्यासाठी परमुलखातून आलेली, आपली भाषा न समजणारी माणसे दारी येतातच. त्यांस अन्न देणे सोपे. त्यांचा ‘शनिवार’ त्यांस पाळू देणे अवघड. नवगावच्या त्या अज्ञात माणसांनी दोन्ही केले. परमेश्वर आम्हांसही तशी बुद्धी देवो.