ट्रंकेट

ट्रंकेट : फाइलचा आकार बाइटच्या हिशेबाने कमी-जास्त करणारी युनिक्स व लिनक्स प्रणालींवरील आज्ञा. फ्रीबीएसडीच्या 4.2 आवृत्तीत ती होती. ग्नू कोअरयुटिल्समध्ये ती 2008 साली 7.0 आवृत्तीबरोबर आली.

सर्व्हरवर फुगत जाणाऱ्या लॉग फाइलींसाठी ती फार मोलाची आहे. डिस्क भरत आली की अशी फाइल डिलीट करण्याचा मोह होतो. पण एखाद्या प्रोग्रॅमने ती उघडी ठेवली असेल, तर यादीतून नाव जाते, जागा मात्र सुटत नाही. ट्रंकेटला ‘-एस 0’ हा पर्याय दिला की फाइल जागेवर राहते, मजकूर तेवढा पुसला जातो आणि प्रोग्रॅम बंद न करताही जागा मोकळी होते.

आकड्यानंतर ‘एम’ लिहिल्यास 10,48,576 बाइटचे एकक धरले जाते, ‘एमबी’ लिहिल्यास 10,00,000 बाइटचे. आकड्याआधी ‘<’ असेल तर त्या मर्यादेहून मोठ्या फाइलीच छाटल्या जातात. हे चिन्ह अवतरणात ठेवावे लागते.

छाटणी नेहमी शेवटाकडून होते. लॉगमधल्या ताज्या नोंदी शेवटीच असल्याने ‘-एस 10एम’ दिल्यास जुन्या उरतात, नव्या जातात. त्या हव्या असतील तर ‘टेल’ आज्ञेने आधी दुसऱ्या फाइलीत उतरवून घ्याव्यात. कापलेला भाग कचरापेटीत सापडत नाही.