करोडगिरी नाक्यापासून शुल्कमुक्त दुकानापर्यंत : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात मद्यावरील करसीमांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

परदेशाहून परतणाऱ्या प्रवाशाने विमानतळावरील शुल्कमुक्त दुकानातून मद्य विकत घेणे फायद्याचे आहे काय, हा प्रश्न वरकरणी व्यक्तिगत आवडीचा व खर्चाचा वाटतो. परंतु एकाच वस्तूच्या दोन ठिकाणी दोन किमती का असतात, असे विचारले की तो इतिहासाचा प्रश्न होतो. बाटलीतील मद्य तेच असते. बदलते ती सीमा आणि त्या सीमेवर कर घेणारी सत्ता. परभणी जिल्ह्याने सुमारे पावणेदोनशे वर्षांत निजामी संस्थान, हैदराबाद राज्य, द्विभाषिक मुंबई राज्य व महाराष्ट्र अशा चार राजवटी अनुभवल्या. प्रत्येक राजवटीत मद्याची किंमत व त्याची कायदेशीरता बदलत गेली. म्हणून शुल्कमुक्त मद्याच्या प्रश्नाकडे पाहण्यासाठी हा जिल्हा उपयुक्त ठरतो.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) निजामी राजवटीतील आबकारी व करोडगिरी यांचे स्वरूप समजून घेणे.
२) दारूबंदीच्या काळात बदललेल्या सीमांचा आढावा घेणे.
३) शुल्कमुक्त सवलतीचा लाभ कोणाला व किती होतो, याचे ऐतिहासिक दृष्टीने मूल्यमापन करणे.

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तह, कायदे, नियम व न्यायनिर्णय यांचा आधार घेतला आहे.

निजामी राजवटीतील दोन खाती :

१८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत निजामाच्या हातून ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली गेला. तेव्हापासून परभणी व हिंगोली भागाच्या उत्तरेस, बुलढाणा व वाशीमच्या बाजूने, दोन वेगळ्या कारभारांची सीमा निर्माण झाली. त्याच वर्षी दिवाणपदी आलेल्या पहिल्या सालारजंगाने १८८३ पर्यंत महसूल व्यवस्थेची पुनर्रचना केली. या व्यवस्थेत मद्याशी संबंध येणारी दोन खाती होती. संस्थानात तयार होणाऱ्या व विकल्या जाणाऱ्या मद्यावर कर घेणारे ते आबकारी खाते आणि सीमा ओलांडून येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात घेणारे ते करोडगिरी खाते.

हैदराबाद संस्थान समुद्रापासून तुटलेले होते, तरी त्याची जकात स्वतंत्र होती. कंपनीशी १८०२ मध्ये झालेल्या व्यापारी तहात या जकातीचा दर मालाच्या किमतीवर शेकडा ५ असा ठरला होता. परिणामी मुंबई बंदरात उतरलेल्या विलायती मालावर एकदा सागरी जकात व संस्थानच्या हद्दीत पुन्हा करोडगिरी असा दुहेरी भार पडे. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग परभणीवरून सुरू झाल्यावर माल येण्याची गती वाढली, पण करसीमा तशीच राहिली.

सामान्य रयतेचा संबंध मात्र विलायती मद्यापेक्षा शिंदी व मोहाच्या दारूशी होता. दारू विकण्याचा हक्क गुत्त्याने दिला जाई. गुत्तेदाराने सरकारला ठरलेली रक्कम द्यावी व ती ग्राहकांकडून वसूल करावी, अशी ही रीत होती. १३१६ फसलीच्या, म्हणजे इ. स. १९०६-०७ च्या, हैदराबाद आबकारी कायद्याने या व्यवस्थेला कायद्याची चौकट दिली. एका हद्दीतील स्वस्त दारू दुसऱ्या हद्दीत नेणे हा अशा व्यवस्थेत सरकारच्या महसुलाला व गुत्तेदाराच्या हक्काला एकाच वेळी धक्का होता. प्रवाशाच्या सामानाची तपासणी ही याच हितसंबंधातून आलेली गोष्ट आहे.

गोव्याची तुलना :

मद्यावरील कराच्या दोन हद्दी शेजारी असल्या की सत्तांना एकमेकींशी तडजोड करावी लागते, हे कोकणाच्या बाजूसही दिसून येते. मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा १८७८ चा. त्याच वर्षी ब्रिटिश व पोर्तुगीज सरकारांत झालेल्या तहाने गोवा व ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यात जकातीचा संघ निर्माण करण्यात आला आणि गोव्यातील मीठ व मद्य यांच्या व्यवस्थेतही ब्रिटिश पद्धतीचा शिरकाव झाला. हा तह १८९२ मध्ये संपुष्टात आला. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाल्यावर आंतरराष्ट्रीय सीमा उरली नाही, तरी राज्यांच्या उत्पादन शुल्कातील फरक उरला. गोव्यातील कमी कराचे मद्य विनापरवाना महाराष्ट्रात आणणे आजही गुन्हाच आहे.

मुक्तिसंग्राम आणि करसीमा :

हैदराबाद मुक्तिसंग्रामात आबकारी व करोडगिरी ही दोन्ही खाती लोकांच्या रोषाचे लक्ष्य झाली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली १९४७ मध्ये सुरू झालेल्या लढ्यात शिंदीची झाडे तोडणे हा सत्याग्रहाचा एक कार्यक्रम होता, तर सीमेवरील शिबिरांतील कार्यकर्त्यांनी करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले केले. शिंदीचे झाड हे सरकारी उत्पन्नाचे साधन होते आणि नाका हे वेगळ्या सत्तेचे दृश्य चिन्ह होते. त्यामुळे या कृतींना नैतिक आशयाबरोबरच आर्थिक आशयही होता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानी सत्ता संपली, परंतु अंतर्गत जकात तत्काळ संपली नाही. भारतीय संविधानाच्या मूळ अनुच्छेद ३०६ अन्वये ‘ब’ वर्गातील राज्यांना काही काळ अशी जकात चालू ठेवण्याची मुभा होती. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने तो अनुच्छेद वगळण्यात आला.

दारूबंदीची सीमा :

करोडगिरीची सीमा पुसट होत असतानाच दारूबंदीची नवी सीमा उभी राहिली. मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदी कायदा केला व १९५० पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. परभणी जिल्हा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे परभणीहून रेल्वेने मनमाडला जाणारा प्रवासी एका कायद्याच्या प्रदेशातून दुसऱ्या कायद्याच्या प्रदेशात प्रवेश करी. परभणीत नियमानुसार घेतलेली बाटली नाशिक जिल्ह्याच्या हद्दीत गुन्ह्याची वस्तू ठरू शकत होती.

१९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात या कायद्याचा बहुतांश भाग वैध ठरविला. विदेशी मद्याची आयात हा केंद्राचा विषय असल्याने राज्याला ते बाळगण्यावर व विकण्यावर बंदी घालता येणार नाही, हा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. शुल्कमुक्त मद्याच्या दृष्टीने हा मुद्दा मूलभूत आहे. केंद्राच्या सीमाशुल्कातून सुटलेले मद्य राज्याच्या कायद्यातून आपोआप सुटत नाही.

१९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला व १९५९ च्या विस्तार कायद्याने हा दारूबंदी कायदा मराठवाड्यासही लागू झाला. पुढे धोरण शिथिल झाले आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूची परवानाधारक विक्री नियमबद्ध करण्यात आली. कायद्याचे नाव मात्र दारूबंदीचेच राहिले, आणि मद्य बाळगण्यासाठी परवान्याची अटही राहिली.

शुल्कमुक्त दुकान व त्याचे गणित :

विमानतळावरील शुल्कमुक्त दुकानाचा आरंभ १९४७ मध्ये आयर्लंडमधील शॅनन येथे झाला. जो माल देशाबाहेर नेला जाणार आहे, त्यावर देशातील कर घेऊ नये, हे त्यामागील तत्त्व होते. भारतात परतीच्या प्रवाशालाही आगमन कक्षात अशी खरेदी करता येते. तेथे हे तत्त्व लागू पडत नाही, कारण बाटली देशातच येते व देशातच रिकामी होते. येथे कर माफ होतो तो प्रवाशाच्या सामानाला दिलेल्या सवलतीमुळे. २०१६ च्या सामान नियमांत ही मर्यादा २ लिटर होती. अशा दुकानातील विक्री सीमाशुल्क हद्द ओलांडण्यापूर्वी होत असल्याने तिच्यावर राज्याला विक्रीकर घेता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हॉटेल अशोका प्रकरणात दिला.

२०२१ च्या अर्थसंकल्पाने आयात मद्यावर ५० टक्के मूळ सीमाशुल्क व १०० टक्के कृषी उपकर असा एकूण १५० टक्के भार ठरविला. १०० रुपये आयातमूल्याचे मद्य त्यामुळे राज्याचे कर लागण्यापूर्वीच २५० रुपयांचे होते. फायदा येथूनच उत्पन्न होतो. तथापि दुकानदार विमानतळाला मोबदला देतो व स्वतःचा नफाही ठेवतो, त्यामुळे माफ झालेला सर्व कर ग्राहकाच्या पदरी पडत नाही. भारतात तयार होणाऱ्या मद्यावर सीमाशुल्कच नसल्याने तेथे बचत कमी असते. करदर उतरले की फायदाही आटतो. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरील उत्पादन शुल्क ३०० वरून १५० टक्क्यांवर आणले. जुलै २०२५ मध्ये स्वाक्षरी झालेल्या भारत-ब्रिटन करारातही व्हिस्कीवरील सीमाशुल्क १५० वरून ७५ टक्के व पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्के करण्याची तरतूद आहे. युरोपीय संघाने १९९९ मध्ये सदस्य देशांतर्गत प्रवासाची शुल्कमुक्त विक्री बंद केली, तीही करसीमा नाहीशी झाल्याचा तर्कसंगत परिणाम म्हणून.

परभणीच्या प्रवाशास आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावर उतरून रस्त्याने गावी येणारा प्रवासी तेलंगण व महाराष्ट्र यांची हद्द ओलांडतो. तेथे राज्यात मद्य आणणे, वाहून नेणे व बाळगणे यांवरील महाराष्ट्राचा कायदा लागू होतो. कधीकाळी हैदराबाद व परभणी एकाच संस्थानात होती. आज त्यांच्यामध्ये आबकारीची सीमा आहे.

निष्कर्ष :

१) शुल्कमुक्त मद्याचा फायदा वस्तूत नसून करसीमेत आहे. सीमा सरकली वा कर घटला की तो फायदाही सरकतो.
२) महाग विदेशी मद्य, २ लिटरची मर्यादा व राज्याचा परवाना या तीन अटींच्या आतच ही खरेदी प्रवाशाला लाभदायक ठरते. स्वस्त किंवा देशात तयार झालेल्या मद्याच्या बाबतीत लाभ नाममात्र आहे.
३) सामाजिक दृष्टीने ही सवलत विषम आहे. निजामी काळात आबकारीचा भार शिंदी पिणाऱ्या रयतेवर होता. आज देशी दारू घेणारा शेतमजूर प्रत्येक बाटलीमागे कर भरतो, तर करमाफी मिळते ती परदेश प्रवास परवडणाऱ्यास. मुक्तिसंग्रामात नाके गेले, संस्थानही गेले, परंतु मद्यावरील कराचा भार कोणी वाहावा हा त्या काळातील प्रश्न अद्याप सुटलेला नाही. शुल्कमुक्त खरेदी फायद्याची आहे काय, याचे उत्तर प्रवाशाच्या हिशेबात सापडते. ती न्याय्य आहे काय, याचे उत्तर मात्र कररचनेच्या इतिहासातच शोधावे लागते.