पिंगुळीची मुकी पोथी

पोथी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर तांबड्या कापडात बांधलेली, अक्षरांनी भरलेली पाने येतात. गोव्याला लागून असलेल्या सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाकडे जी पोथी असते, तिच्यात कथा लिहिलेली नसतेच. असतात ती फक्त चित्रे. रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाचा एकेक संच. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली. चित्रकथी देवळात बसून वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने गायचा आणि एकेक पान समोर धरायचा. सावंतवाडीच्या राजघराण्याचा या कलेला आश्रय होता. त्याही आधी, बाराव्या शतकात, चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख येतो.

पिंगुळीची जुनी चित्रे पुण्याच्या केळकर संग्रहालयात पाहायला मिळतात. ती सुरेखच आहेत. पण काचेआड मुकी वाटतात. कथा कागदावर नव्हती, ती गाणाऱ्याच्या गळ्यात होती. पिंगुळीतच परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात संग्रहालय उभे केले आणि घरच्या पुढच्या पिढीला ही कला शिकवली. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

हे आठवण्याचे कारण, लहान मुलांची शब्दांवाचूनची चित्रपुस्तके. ‘यात वाचायचे काय?’ असे म्हणून आईबाप ती परत फळीवर ठेवतात. जपानी चित्रकार मित्सुमासा आन्नो यांचे १९७७ चे प्रवासाचे पुस्तक घ्या. नावेतून उतरलेला एक माणूस घोडा घेऊन युरोपभर हिंडतो. पानोपानी तो इवलासा, गर्दीत हरवलेला. त्याला शोधून काढतो तो तीन-चार वर्षांचा नातू. आजी चष्मा पुसत राहते. पिंगुळीत कथा चित्रकथ्याला पाठ असायची, इथे ती दोघांनाही ठाऊक नसते. म्हणून मोठ्यांनी घाईने सगळे सांगून टाकू नये. पान उलटायचे मुलाच्या हाती द्यावे, थोडे थांबावे.

आणि भाषा? आपल्या घरांत आजी मराठी पोथी वाचते, बोलते कोंकणी, नातू शाळेत इंग्रजी गिरवतो. कुठलेही पुस्तक उघडले की आधी लिपीचा प्रश्न उभा राहतो. या पुस्तकापुढे तो उठतच नाही. ‘आजये, घोडो खंय गेलो?’ असे नातू विचारतो, आणि आजीला कथा सुरू करावीच लागते.