यंत्रांना हात लावू देणारे संग्रहालय

जर्मनीतील बव्हेरिया प्रांताची राजधानी असलेल्या म्युनिक शहरातून ईसार नदी वाहते. या नदीच्या पात्रात, शहराच्या ऐन मध्यभागी एक चिंचोळे बेट आहे. पूर्वी ‘कोळसा बेट’ या नावाने ओळखली जाणारी ही जागा गेल्या शतकभरात ‘संग्रहालय बेट’ झाली आहे. तेथे उभे असलेले ‘डॉइचेस म्युझियम’ हे विज्ञान व तंत्रज्ञान या विषयांना वाहिलेल्या जगातील सर्वांत मोठ्या संग्रहालयांपैकी एक होय. वस्तुसंग्रहालय म्हटले की काचेची कपाटे, मंद प्रकाश आणि ‘हात लावू नये’ ही पाटी आपल्या डोळ्यांसमोर येते. ही पाटी बाजूला सारून प्रेक्षकाच्या हाती यंत्राची मूठ देण्याचे श्रेय ज्या मोजक्या संस्थांकडे जाते, त्यांत या संग्रहालयाचे स्थान अग्रभागी आहे. मात्र यंत्र कसे चालते हे दाखवणे तुलनेने सोपे असते. ते कोणी घडवले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे सांगणे अधिक अवघड. या संस्थेने पहिली गोष्ट फार लवकर साधली. दुसरी शिकायला मात्र तिला बराच काळ लागला.

धबधबा आणि वीज

संग्रहालयाचे संस्थापक ओस्कार फॉन मिलर यांचा जन्म ७ मे १८५५ रोजी म्युनिकमध्ये झाला. त्यांचे वडील फर्डिनांड हे ब्राँझच्या ओतकामासाठी नावाजलेले होते. ओस्कार यांनी स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, पण त्यांना खरी ओढ लागली ती विजेची. १८८२ मध्ये म्युनिकमध्ये भरलेल्या वीज प्रदर्शनात त्यांनी फ्रेंच अभियंते मार्सेल देप्रे यांच्या साह्याने मीसबाख या गावी निर्माण केलेली वीज सुमारे ५७ किलोमीटर अंतरावरील प्रदर्शनस्थळी तारांमधून आणली. वाटेत तिचा बराचसा भाग वाया गेला. तरीही जी पोहोचली तिच्यावर एक पंप चालला आणि त्या पंपाने एक छोटासा कृत्रिम धबधबा वाहता ठेवला. दूरवर निर्माण झालेली शक्ती शहरात वापरता येते, हे सामान्य माणसाला पटवण्यासाठी एखाद्या व्याख्यानापेक्षा तो धबधबा अधिक उपयोगी ठरला.

पुढे १८९१ मध्ये लाउफेन ते फ्रँकफर्ट हे सुमारे १७५ किलोमीटरचे अंतर त्रिकला विद्युतप्रवाहाने पार करण्याच्या प्रसिद्ध प्रयोगातही मिलर यांचा पुढाकार होता. डोळ्यांसमोर घडलेल्या गोष्टीवर लोकांचा विश्वास बसतो, हा त्यांचा अनुभव होता. पॅरिस आणि लंडन येथील तांत्रिक संग्रहे त्यांनी पाहिले होते. जर्मनीतही असे काही असावे आणि ते केवळ तज्ज्ञांपुरते न राहता कामगार, विद्यार्थी व गृहिणी या सर्वांना खुले असावे, असे त्यांना वाटे.

२८ जून १९०३ रोजी म्युनिकमध्ये संग्रहालयाची औपचारिक स्थापना झाली. क्ष-किरणांचे जनक विल्हेल्म रोंटगेन, भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स प्लांक आणि शीतकरण तंत्रातील अग्रणी कार्ल फॉन लिंड यांच्यासारखी मातब्बर मंडळी त्यांच्या पाठीशी उभी राहिली. १९०६ च्या नोव्हेंबरात तात्पुरत्या जागेत संग्रह खुला झाला आणि त्याच सुमारास बेटावरील नव्या वास्तूची कोनशिला सम्राट दुसरे विल्हेल्म यांच्या हस्ते बसवण्यात आली. नंतर पहिले महायुद्ध आले, त्यापाठोपाठ जर्मन चलन मातीमोल करणारी महागाई आली. मूळ वास्तुविशारद गाब्रिएल फॉन झाइडल यांचे तर युद्धापूर्वीच, १९१३ मध्ये निधन झाले होते. कोनशिलेनंतर तब्बल अठरा वर्षांनी, ७ मे १९२५ रोजी, म्हणजे मिलर यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, नव्या इमारतीचे दरवाजे उघडले.

आकाश, खाण आणि पाणबुडी

या संग्रहालयाने जगाला दिलेली एक मोठी देणगी म्हणजे आधुनिक तारांगण. छताखाली बसून तारे पाहता यावेत, ही मिलर यांची इच्छा त्यांनी येना येथील कार्ल झाइस या प्रकाशीय उपकरणांच्या कंपनीकडे मांडली. छिद्रे पाडलेला एक अवाढव्य गोल प्रेक्षकांभोवती फिरवावा, अशी आधीची कल्पना होती. कंपनीतील अभियंते वॉल्टर बाउअर्सफेल्ड यांनी तिची उलटापालट केली. गोल स्थिर ठेवावा, तो आतून पांढरा असावा आणि मध्यभागी बसवलेल्या यंत्रातून ताऱ्यांचे प्रकाशबिंदू त्यावर पाडावेत. फिरेल ते फक्त यंत्र. ऑक्टोबर १९२३ मध्ये म्युनिकमध्ये त्याचे पहिले प्रात्यक्षिक झाले आणि १९२५ पासून ते नियमित दाखवले जाऊ लागले. तो पहिला प्रक्षेपक केवळ म्युनिकच्या अक्षांशावरून दिसणारे आकाश दाखवू शकत असे. तरीही आज जगभर पसरलेल्या तारांगणांची मुळे तेथवर जातात. मुंबईकरांच्या परिचयाच्या, १९७७ मध्ये सुरू झालेल्या नेहरू तारांगणातही आरंभीची अनेक वर्षे झाइस कंपनीचाच प्रक्षेपक होता.

दुसरे आकर्षण जमिनीखालचे. इमारतीच्या तळाशी कोळसा, धातू आणि मीठ यांच्या खाणींची पूर्णाकृती प्रतिकृती उभारण्यात आली. अरुंद, अंधाऱ्या बोगद्यांतून चालताना खाणकाम करणाऱ्या माणसाला किती जागेत, कशा अवस्थेत राबावे लागे, याची कल्पना प्रेक्षकाला येई. जहाजांच्या विभागात जर्मन नौदलाची १९०६ मधील पहिली पाणबुडी ‘यू १’ ठेवण्यात आली. तिच्या पोलादी कवचाचा एका बाजूचा भाग कापून काढल्याने आतील इंजिने, नळ्या आणि खलाशांना मिळणारी तोकडी जागा एका दृष्टिक्षेपात दिसते. यंत्राचा छेद घेऊन त्याचे अंतरंग दाखवण्याची ही पद्धत तेथील अनेक दालनांत आढळते.

उच्च दाबाच्या विजेचे प्रात्यक्षिक हाही पिढ्यान्‌पिढ्यांच्या आवडीचा कार्यक्रम. धातूच्या पिंजऱ्यात एक कर्मचारी बसतो, पिंजऱ्यावर कडाडून कृत्रिम वीज पाडली जाते आणि तो मनुष्य हसतमुखाने बाहेर येतो. विद्युतभार धातूच्या बाह्य पृष्ठभागावरच राहतो, आत शिरत नाही, हा मायकेल फॅरेडे यांचा सिद्धांत शाळकरी मुलांच्या मनात त्या क्षणी जो ठसतो, तो कायमचा.

अस्सल वस्तूंची श्रीमंती

प्रतिकृती आणि प्रात्यक्षिकांच्या जोडीला अस्सल ऐतिहासिक वस्तूंचाही येथे मोठा साठा आहे. हवेचा दाब सिद्ध करण्यासाठी सतराव्या शतकात ओटो फॉन गेरिके यांनी वापरलेले, घोड्यांच्या जोड्यांनाही वेगळे करता न आलेले माग्देबुर्गचे अर्धगोल, हाइनरिश हर्ट्‌झ यांची विद्युतचुंबकीय लहरींच्या शोधाची उपकरणे, कार्ल बेंझ यांची १८८६ ची तीनचाकी मोटार आणि रुडॉल्फ डिझेल यांचे १८९७ चे इंजिन ही त्यांतील काही नावे. ओटो लिलिएंथाल यांचे हवेत तरंगणारे यान आणि राइट बंधूंचे १९०९ चे विमान ही उड्डाणाच्या इतिहासातील दोन मोलाची पाने. कोनराड त्सुझे यांचा ‘झेड ४’ हा महायुद्धाच्या अखेरच्या पर्वात पूर्ण झालेला संगणकही येथे आहे. बॉम्बवर्षावातून वाचवण्यासाठी तो बर्लिनबाहेर हलवावा लागला होता.

काळोखी पाने

हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये मिलर संग्रहालयाच्या कारभारातून दूर झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. ज्ञान सर्वांसाठी खुले असावे या विचारातून उभ्या राहिलेल्या याच संकुलात, ग्रंथालयाच्या इमारतीत, नोव्हेंबर १९३७ मध्ये नाझी राजवटीने ज्यू समाजाविरुद्ध द्वेष पसरवणारे कुप्रसिद्ध प्रदर्शन भरवले. लाखो लोकांनी ते पाहिले. वस्तू मांडून, फलक लावून लोकांना पटवण्याची जी कला मिलर यांनी विज्ञानासाठी वापरली, तीच असत्याच्या प्रचारासाठीही वापरता येते, याचा हा पुरावाच होता.

१९४४ च्या हवाई हल्ल्यांत संग्रहालयाच्या इमारतींचा सुमारे ८० टक्के भाग उद्ध्वस्त झाला आणि सुमारे २० टक्के वस्तू नष्ट झाल्या. १९४८ मध्ये संग्रहालय अंशतः पुन्हा उघडले. पूर्ववत होण्यास मात्र पुढे बरीच वर्षे लागली.

या नव्या पर्वातही काही प्रश्न अनुत्तरित राहिले. संग्रहालयात ‘व्ही २’ हे महायुद्धकालीन क्षेपणास्त्र आहे. अंतराळयुगाचा पूर्वज म्हणून त्याच्याकडे पाहता येते. परंतु भूमिगत कारखान्यांत ते तयार करताना छळछावणीतील हजारो कैदी मृत्युमुखी पडले, हेही त्याच यंत्राच्या इतिहासाचे अंग आहे. केवळ इंजिनाचा छेद पाहून ते कळत नाही.

एका मेजाची गोष्ट

या संदर्भात एका साध्या लाकडी मेजाची कथा जाणून घेण्याजोगी आहे. बर्लिनमध्ये डिसेंबर १९३८ मध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान या रसायनशास्त्रज्ञांना युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केल्यावर बेरियम तयार झाल्याचे आढळले. भौतिकशास्त्रज्ञ लीझ माइटनर या त्या संशोधनातील त्यांच्या सहकारी. ज्यू वंशाच्या असल्याने त्यांना त्याच वर्षीच्या जुलैमध्ये जर्मनीतून निसटून जावे लागले होते. स्वीडनमध्ये असताना त्यांनी आपले भाचे ओटो फ्रिश यांच्या साथीने या निष्कर्षाचा अर्थ लावला : अणूचे केंद्रक दुभंगले होते. १९४४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या हान यांना मिळाले.

या प्रयोगाची उपकरणे मांडलेले मेज म्युनिकच्या संग्रहालयात आले आणि अनेक दशके ते ‘ओटो हान यांचे मेज’ म्हणूनच दाखवले गेले. ज्या उपकरणांच्या उभारणीत माइटनर यांचा मोठा वाटा होता, त्यांच्याच प्रदर्शनात त्यांना यथोचित स्थान नव्हते. एवढेच नव्हे, तर मूळ प्रयोगशाळेत ही उपकरणे एका मेजावर नव्हतीच. मारा करणे, रासायनिक पृथक्करण आणि मोजणी ही कामे वेगवेगळ्या खोल्यांत चालत. प्रेक्षकांच्या सोयीसाठी ती एकत्र मांडण्यात आली आणि नकळत एका मेजाचा, एका माणसाचा शोध असे चित्र तयार झाले. अभ्यासकांनी आक्षेप घेतल्यानंतर फलक बदलला आणि तिघांनाही त्यांचे श्रेय मिळाले. १९९१ मध्ये संग्रहालयाच्या सन्मान दालनात माइटनर यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला. थोर वैज्ञानिकांच्या त्या मालिकेत स्थान मिळालेल्या त्या पहिल्या महिला होत. मेजावरील एकही उपकरण बदलले नाही, बदलली ती केवळ त्याशेजारची अक्षरे. पण समोर उभ्या राहणाऱ्या विद्यार्थिनीला त्यातून मिळणारा बोध पूर्णपणे बदलला.

जगभर पसरलेला वारसा

काळानुरूप संग्रहालयाचा विस्तार झाला. १९९२ मध्ये श्लाइसहाइम येथील जुन्या विमानतळावर विमानांचा विभाग, १९९५ मध्ये बॉन शहरातील शाखा, २००३ पासून म्युनिकमध्येच वाहतुकीचे केंद्र आणि २०२१ मध्ये न्यूरेंबर्ग येथे भविष्याचा वेध घेणारे दालन सुरू झाले. बेटावरील मूळ इमारतीचे नूतनीकरणही मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आले. जुलै २०२२ मध्ये तिचा पहिला अर्धा भाग नव्या रूपात खुला झाला आणि उरलेला अर्धा कामासाठी बंद करण्यात आला. संपूर्ण काम २०२८ पर्यंत पूर्ण करण्याचे नियोजन आहे. त्यामुळे तेथे जाऊ इच्छिणाऱ्या पर्यटकांनी आपल्या आवडीचे दालन सुरू आहे की नाही, याची आधी चौकशी करणे इष्ट. ईसारटोर रेल्वेस्थानकापासून संग्रहालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एका दिवसात ते पाहून होईल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

या संग्रहालयाचे अनुकरण अनेक देशांत झाले. अमेरिकन उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी १९११ मध्ये आपल्या मुलासह ते पाहिले. त्यातूनच शिकागोचे विज्ञान व उद्योग संग्रहालय १९३३ मध्ये उभे राहिले आणि तेथेही कोळशाची खाण आली. भारतात पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांना म्युनिकच्या या संस्थेने प्रभावित केले होते. बिर्ला कुटुंबाने दिलेल्या वास्तूत २ मे १९५९ रोजी कोलकात्याचे बिर्ला औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालय सुरू झाले. त्याच्याही तळघरात पुढे खाणीची प्रतिकृती उभारली गेली, हा योगायोग नव्हे. कोलकात्यापाठोपाठ बंगळुरू आणि अन्य शहरांत अशी केंद्रे निघाली. त्याच परंपरेतील वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राचे ११ नोव्हेंबर १९८५ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते उद्‌घाटन झाले. शाळेच्या सहलीतून तेथे जाऊन आलेल्या मुंबईकरांच्या आता काही पिढ्या झाल्या आहेत.

आपल्या विज्ञान केंद्रांत कळ दाबताच दिवे लागतात, मूठ फिरवताच चाके फिरतात आणि मुले हरखून जातात. त्या आनंदाचे मोल मोठे आहे, आणि तो देण्याची रीत रुजवण्यात म्युनिकचा वाटा निश्चितच आहे. पण मेजाशेजारच्या फलकाने म्युनिकला जे उशिरा शिकवले, तेही आपल्याकडे यायला हवे. यंत्राशेजारी ते घडवणाऱ्यांची, त्यासाठी राबणाऱ्यांची आणि विस्मरणात गेलेल्यांची नावे नेमकेपणाने लिहिली गेली, तर मुलांना विज्ञानाबरोबर सत्य तपासण्याची सवयही लागेल.