हवा पात्याची पाठ सोडते तेव्हां

वाफेच्या झोतानें चक्र फिरतें. मग तेंच चक्र बाहेरून शक्ति लावून फिरविलें तर हवा दाबली जावी, हा विचार किती सरळ वाटतो! इंग्लंडांत चार्ल्स पार्सन्स यांनीं १८८४ सालच्या आपल्या टर्बाइनच्या पेटंटांतच तो नमूद करून ठेवला होता. १९०१ पासून त्यांनीं तशीं दाबयंत्रें विकलींहि. पण टर्बाइननें जगभर नांव कमावलें आणि त्याचें हें उलटें भावंड मात्र रोडच राहिलें. १९०८ च्या सुमारास पार्सन्स यांनीं त्याचा नाद सोडला. कारागिरी उत्तम, धातु उत्तम; मग दोष कोठें होता?

दोष होता हवेच्या स्वभावांत. तो स्वभाव लुडविग प्रांट्ल या तरुण जर्मन अध्यापकानें १९०४ च्या ऑगस्टमध्यें हायडेलबर्ग येथील गणितज्ञांच्या परिषदेंत उलगडून दाखविला होता. वाहत्या हवेचा धातूला लागून असलेला अतिपातळ थर घर्षणानें मंदावलेला असतो. टर्बाइनमध्यें प्रवाह अधिक दाबाकडून कमी दाबाकडे, म्हणजे घाट उतरत जातो. तेथें हा थकलेला थरहि ओघाबरोबर निघून जातो. दाबयंत्रांत हवेला घाट चढावयाचा असतो. चढण तीव्र असली कीं हा थर मध्येंच अडतो, मागें फिरतो, आणि सारा प्रवाह पात्याच्या पाठीपासून सुटतो. उरतात ते भोंवरे. प्रांट्ल यांनीं त्याच वेळीं एक उपायहि करून दाखविला होता: दंडगोलाच्या अंगावरील फटींतून त्यांनीं तो थकलेला थर शोषून घेतला, आणि प्रवाह पाठीला धरून राहिला.

पण हें ज्ञान यंत्रशाळेपर्यंत पोंचावयास पुष्कळ काळ लागला. १९२६ सालीं फार्नबरो येथील सरकारी विमानसंशोधन संस्थेंतील ए. ए. ग्रिफिथ यांनीं निदान केलें. विमानानें नाक फाजील वर केलें कीं पंखाचा आधार जसा नाहींसा होतो, तशाच अवस्थेंत हीं पातीं सदैव फिरत होतीं! पात्याला पंखाचा आकार द्या आणि प्रत्येक रांगेकडून थोडीच चढण मागा, असें त्यांचें सांगणें होतें. हेंच ग्रिफिथ १९२९ सालीं फ्रँक व्हिटल या तरुण वैमानिकाची जेट इंजिनाची कल्पना अव्यवहार्य ठरवितात, याचें मला नेहमीं नवल वाटतें. व्हिटल यांनीं पात्यांच्या रांगा टाळून, हवा मध्यापासून परिघाकडे फेंकणारें चक्र घेतलें आणि १९३७ सालीं आपलें इंजिन चालवून दाखविलें.

ग्रिफिथ यांनीं सांगितलेली थोडथोडी चढण किती थोडी, तें जर्मनांच्या जुमो इंजिनांत दिसतें. १९४२ च्या जुलैमध्यें त्यावर मेसरश्मिट विमान उडालें. त्यांत पात्यांच्या आठ रांगा होत्या, आणि आठहि मिळून दाब तिपटीहून किंचित् अधिक वाढे. म्हणजे रांगेच्या वांट्याला सरासरी शेंकडा पंधराच.

रांगा वाढल्या तशी नवी अडचण उभी राहिली. पूर्ण वेगासाठीं बसविलेलीं पातीं इंजिन मंद असतांना हवेला भलत्याच कोनांत भेटतात, आणि पुढच्या रांगांची पाठ पुन्हां सुटते. १९५५ सालीं प्रथम उडालेल्या, सतरा रांगांच्या अमेरिकन जे-७९ इंजिनांत गेर्हार्ड नॉयमान यांनीं पुढचीं स्थिर पातीं वळतीं केलीं. इंजिन मंदावतांच तीं मिटत येतात. वेग चढतो तशीं उघडूं लागतात.